माझ्या नावाचं गाऱ्हाणं

४ जानेवारी, रविवार

बाबांच्या घशातली गाठ काढली त्याला आठवडा झाला. रिपोर्ट चांगला आला, भलतंसलतं काही निघालं नाही. पण डॉक्टरांनी महिनाभर तोंडाला कुलूप लावलंय. कुजबुजायचंही नाही, त्याने म्हणे घशावर जास्तच ताण येतो. तीस वर्षं बेस्टच्या बसमध्ये ‘पुढे चला, पुढे चला’ ओरडलेला माणूस आता मोबाईलवर टाइप करून पाणी मागतो. घर इतकं शांत झालंय की फ्रिज घुरघुरला तरी आई ‘काय म्हणालात?’ विचारते.

आज खाली सोसायटीची मीटिंग झाली. विषय, सव्वीस जानेवारीची पूजा. मुलुंडच्या मिठागर रोडच्या आतल्या गल्लीतली आमची ही बिल्डिंग म्हणजे निम्मं कोकणच आहे. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळ सोडून आलेली मालवण-कणकवलीची माणसं. दरवर्षी सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा, संध्याकाळी सत्यनारायण. भटजी पूजा सांगून गेले की मग खरा कार्यक्रम, गाऱ्हाणं. देवापुढे नारळ ठेवायचा आणि एका माणसाने उभं राहून मालवणीत सगळ्या घरांचं मागणं देवाला सांगायचं. कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या गुडघ्याला आराम. प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे एका दमात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ आमच्याकडे तो एक माणूस म्हणजे बाबा, सहदेव परब. लहानपणी मला वाटायचं म्हाराजा म्हणजे बाबाच.

यंदा बाबा मुके, तर घालणार कोण? सगळ्यांनी सर्वेशचं नाव घेतलं. माझा मोठा भाऊ, पुण्याला असतो. फोनवर लगेच हो म्हणाला. तो मानतोच देवाला. गुरुवार धरतो, मनगटात चार रंगांचे दोरे आहेत आणि स्टेटसला रोज एक श्लोक असतो.

मी मानत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि पेपर उलटला. तेव्हापासून पूजेच्या संध्याकाळी मी सिनेमाला जाते. खोटेखोटे हात जोडून उभं राहायला मला लाज वाटते. बाबांना काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

७ जानेवारी

सर्वेशची व्हिडिओ कॉलवर तालीम. ऐकून पोट दुखेपर्यंत हसले. ‘हे देवा महाराजा, आमच्या समस्त सोसायटी मेंबर्सना सुखात ठेवावे ही विनंती.’ जणू वॉर्ड ऑफिसला अर्ज देतोय. बाबा कपाळाला हात लावून बसले होते.

मी आत भाजी चिरत होते. न राहवून ओरडले, ‘अरे विनंती काय? बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी जी काय सेवा केली हा ती गोड मानून घे, काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. असं!’ आई बाहेरच्या खोलीतूनच ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली, सवयीने. मग लक्षात आलं की मला सगळं पाठ आहे. घरात मालवणी मी कधी धड बोलत नाही, पण गाऱ्हाणं अख्खं तोंडात आहे, बाबांच्या चढउतारांसकट.

बाबा दारात येऊन उभे होते. मी पुन्हा भाजी चिरायला लागले.

११ जानेवारी, रविवार

सर्वेश येत नाही! त्याच्या ग्रुपचं नाशिकच्या पुढे कुठेतरी मौन शिबिर आहे, नेमकं त्याच दिवसांत. आई फोनवर म्हणाली, ‘इथे एक जण फुकटात मौनात बसलाय, त्याच्या शेजारी येऊन बस की मेल्या!’ तो म्हणाला, तसं नसतं, तिथे एनर्जी वेगळी असते.

फोन ठेवल्यावर बाबांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. ‘श्रुतिका घालील.’

मी म्हटलं, मी देव मानत नाही हे विसरलात का? त्यांनी टाइप केलं, ‘नाही विसरलो. पण तुला येतं.’

येणं वेगळं आणि मानणं वेगळं. समोर कुणी नाही असं वाटत असताना त्याला ‘बा देवा’ म्हणून हाक मारायची म्हणजे सगळ्यांना फसवायचं. मी नाही म्हटलं. बाबांनी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर मला निदान भांडता तरी आलं असतं.

१३ जानेवारी

ऑफिसात लक्ष नव्हतं. मी सबटायटल करते, अंधेरीला. दिवसभर दुसऱ्यांचे संवाद ऐकून दोन ओळींत बसवायचे. आज एका सासूचं रडणं सुनेच्या नावावर टाकलं, धवलने पकडलं म्हणून वाचले.

हा धवल घाटकोपरचा जैन. दिवस मावळायच्या आत जेवतो, म्हणून साडेपाचला त्याचा डबा उघडतो आणि आम्ही सगळे त्यावर डोळा ठेवून असतो. आज त्याला सरळ विचारलं, ‘तू खरंच मानतोस का रे, अंधार पडल्यावर खाल्लं तर पाप लागतं?’

‘माहीत नाही यार. काही दिवस मानतो, काही दिवस नुसती भूक लागलेली असते.’

‘मग सोड ना.’

‘सोडलेलं ना, कॉलेजात असताना. मग दादी गेली आणि आपोआप परत सुरू झालं. का ते नको विचारू. ॲसिडिटी गेली, एवढं नक्की.’

मी त्याला गाऱ्हाण्याचं सांगितलं. तो खाखरा मोडत म्हणाला, ‘तुझा प्रॉब्लेम नक्की काय आहे? देव नाही म्हणून अडलंय, की असला तर काय म्हणेल म्हणून?’

मी त्याच्या हातातला खाखरा काढून घेतला आणि खाल्ला.

१४ जानेवारी

तिळगूळ देताना बाबांना सांगितलं, घालते गाऱ्हाणं. पण साडी नेसणार नाही, आणि कुणी विचारलं तर देव मानते असं सांगणार नाही. बाबांनी दोन्ही अटींना अंगठा वर करून होकार दिला. आईने ऐकलं आणि देवघरात जाऊन दिवा लावला, दुपारी दोन वाजता.

का हो म्हटलं ते मलाच नीट ठाऊक नाही. बहुतेक त्या दिवशी मी भाजी चिरताना बाबा दारात येऊन उभे होते म्हणून.

१८ जानेवारी, रविवार

हे असं असतं ते मला माहीतच नव्हतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याला आधी सगळ्यांचं ऐकावं लागतं! आज दिवसभर आमच्या घरी रांग. मी वही घेऊन बसले तर बाबांनी वही काढून घेतली आणि टाइप केलं, ‘लिहू नको. नुसतं ऐक.’

तर ऐकलं. जिन्यात ‘काय गं, कशी आहेस’ यापलीकडे ज्यांच्याशी बोलले नव्हते त्या माणसांनी सोफ्यावर बसून काय काय सांगितलं! तळमजल्यावरच्या काकांना रात्री झोप लागत नाही आणि ते बायकोला सांगत नाहीत. जया काकींचा मुलगा बोरिवलीला वेगळा राहायला गेला. ‘नातू म्हैन्यातसून एकदा तरी दिसांदे, इतक्याच सांग,’ म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. बारावीतली रेवती सगळ्यात शेवटी आली. तिला इंजिनीअरिंग नको, चित्रं शिकायचीत. ‘ताई, असं सांग की देवाला कळेल पण माझ्या आईला नाही.’ मी म्हटलं, तू मानतेस देवाला? ती म्हणाली, ‘परीक्षेच्या वेळी मानते.’ मला ती फार आवडली.

एवढं ऐकून माझं डोकं जड झालं, पण बरंही वाटत होतं. आणि मग, तोवर आईशी बोलत बसलेल्या जया काकी निघताना दारात म्हणाल्या, ‘तुझा बापूस पण तुझा गाऱ्हाणा घालता हां दरवर्साक. तू नसतंस तेव्हा. आमका आता पाठ झाला.’ आणि हसल्या.

दोन वर्षं! सगळ्या बिल्डिंगीसमोर माझं गाऱ्हाणं! म्हणजे माझ्या तोंडावर ‘बरं’ म्हणायचं आणि माझ्या पाठीमागे देवाकडे तक्रार करायची, की पोरगी हाताबाहेर गेली, हिला शहाणी कर. बाकीच्यांसाठी नोकऱ्या आणि गुडघे, आणि माझ्यासाठी दुरुस्ती. म्हणूनच जिन्यात सगळ्या बायका माझ्याकडे बघून तशा हसतात.

२० जानेवारी

आज बोललेच. ‘तुम्ही माझं गाऱ्हाणं घालता सगळ्यांसमोर?’

बाबांनी मान हलवली. हो. लपवलंही नाही.

‘माझ्याशी बोलायचं ना मग! मला सांगायचं ना काय चुकतंय ते! चारचौघांत कशाला?’

त्यांनी मोबाईल उचलला. टाइप केलं, खोडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. मी वाट बघत उभी. शेवटी त्यांनी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता, हे मला जास्त झोंबलं. मी म्हटलं, दुसरं कुणीतरी शोधा. त्यांनी होकारार्थी मान हलवली, तीही शांतपणे.

आई म्हणाली, ‘त्यांना बोलता येत नाही तेव्हाच बरं तुला भांडण सुचतं.’ मी तिला विचारलं, काय म्हणतात ते माझ्याबद्दल? ती म्हणाली, ‘एवढं आहे तर थांबायचं होतंस की ऐकायला.’ म्हणजे तिलाही माहीत आहे. घरात मी एकटीच मूर्ख.

२४ जानेवारी, शनिवार

लवू आजोबांना सांगायला गेले की मला जमणार नाही. पूजेचं सगळं तेच बघतात, नव्वदीला टेकलेत. बाबांच्या आधी तेच गाऱ्हाणं घालायचे. आता दम पुरत नाही.

खरं कारण सांगायला लाज वाटली, म्हणून म्हटलं, ‘आजोबा, मी देव मानत नाही. मी घातलेलं चालेल का?’ मला वाटलं ओरडतील, मग माझं काम सोपं होईल.

ते सुपारी कातरत होते. ‘बाईमाणसान घातलेला चलात काय, असा इचारूक सकाळी दोघे येवन गेले,’ म्हणाले. ‘तेंका सांगलंय, देवाक आवाज आयकाक येवक व्हयो, बस.’

‘पण मी मानतच नाही.’

‘नको मानू. आयकणारो आसा काय नाय, ता तेचा तो बघीत. ता काय तुझा काम नाय.’ मग अडकित्ता खाली ठेवला. ‘पण माका सांग, ह्या इतक्या माणसांनी आपला-आपला तुका सांगल्यानी. ता आता तू खय ठेवतलंस?’

ह्याचा विचारच केला नव्हता. तळमजल्यावरच्या काकांची झोप, जया काकींचा नातू, रेवतीची चित्रं, सगळं माझ्याकडे पडून आहे. मी पाय मागे घेतला तर ते तसंच राहणार. वही असती तर दुसऱ्याच्या हातात दिली असती. बाबांनी लिहू का दिलं नाही ते आत्ता कळलं, फार पोचलेला माणूस आहे.

‘घालीन,’ म्हटलं. आजोबांनी सुपारीचं खांड दिलं, मी ती खात नाही तरी चघळली. बाबांवरचा राग गेलेला नाही. त्याचं नंतर बघू.

२६ जानेवारी, सोमवार

सगळं क्रमाने लिहायचंय, नाहीतर घोटाळा होईल.

सात वाजता भटजी गेले. गच्चीवर सगळे जमले होते, पोरांनी सकाळचे झेंडे अजून खिशाला लावलेले. आईने नारळ माझ्या हातात दिला. मी जीन्स आणि निळा कुर्ता घातला होता. नारळ देवापुढे ठेवून उभी राहिले, तर पाठ केलेलं पहिलं वाक्यच तोंडातून निघेना. ते बाबांचं वाक्य होतं. माझ्या तोंडात ते खोटंच झालं असतं. बाबा पुढच्याच रांगेत, गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते.

मग मी म्हटलं, ‘बा देवा म्हाराजा, तू आसस काय नाय माका ठाऊक नाय.’

कोणी व्हय म्हणेना. म्हटलं, लागली वाट.

‘पण ही माणसा आसत. तेंचा ऐक.’

आणि एकदम, ‘व्हय म्हाराजा!’ असं जोरात आलं की मी दचकले. आजवर मी तो आवाज कडेला उभं राहून ऐकला होता. समोरून अंगावर आल्यावर कळलं की तो माणसाला पडू देत नाही.

मग सुटलेच. नोकऱ्या, गुडघे, कर्ज, पाण्याची मोटर. जया काकींचा नातू सांगितला तेव्हा काकींनी डोळे मिटून घेतले. तळमजल्यावरच्या काकांचं नाव न घेता म्हटलं, ‘रात्री ज्यांका झोप लागणा नाय तेंका निवांत झोप दी,’ तर कितीतरी जणांनी व्हय म्हटलं, म्हणजे बरीच माणसं जागीच असतात. रेवतीसाठी म्हटलं, ‘बारावीच्या पोरांच्या मनात जा आसा ताच तेंच्या हातान् होवंदे.’ रेवतीची आई सगळ्यात आधी ओरडली, ‘व्हय म्हाराजा!’ रेवतीने तोंड ओढणीत लपवलं.

बाबांनी स्वतःसाठी काही सांगितलंच नव्हतं. मीच घातलं. ‘आणि म्हाराजा, माझ्या बापसाचो आवाज परत येवंदे. माका तेच्याशी भांडूचा आसा, आणि मुक्या माणसाशी भांडाक मजा येना नाय.’ सगळी गच्ची हसली. बाबांचे खांदे हलत होते, आवाज न करता हसताना त्यांना फार त्रास झाला असणार.

मी नारळ उचलायला वाकले तर लवू आजोबा म्हणाले, ‘बाय, थांब. एक रवला.’

मी मनातल्या मनात मोजलं. कुणीच राहिलं नव्हतं. तसं म्हटलं, तर आजोबा काठीवर भार देऊन स्वतःच उठले. बाबा खाली, पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले.

‘म्हाराजा, सहदेवाचा चेडू तुका मानीत नाय.’

‘व्हय म्हाराजा!’

सहदेवाचा चेडू, म्हणजे परबांची पोरगी, म्हणजे मी. घाला आता, म्हटलं, समोर आहे मी, घाला काय घालायचं ते.

‘पण ता लबाड नाय. तोंडार एक आणि मनात एक, असा तेचा नाय.’

‘व्हय म्हाराजा!’

‘तेना तुका मानूकच व्हया, असा आमचा म्हणणा नाय. पण तू तेका मान. खयंय गेला तरी तेच्या पाठीर ऱ्हव.’

कोणी अडखळलं नाही, कोणी शेजाऱ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांना कुठे थांबायचं, कुठे व्हय म्हणायचं ते नीट ठाऊक होतं. दोन वर्षं बाबांच्या मागून त्यांनी हे म्हटलंय, मी तिकडे मॉलमध्ये पॉपकॉर्न खात होते तेव्हा. मला सुधार असं कुणीही मागितलेलं नव्हतं; मी कुठेही गेले तरी माझ्या पाठीशी राहा, एवढंच मागितलं होतं.

पुढे नारळ कोणी फोडला, प्रसाद कोणी वाटला, मला माहीत नाही. मी बाबांच्या मफलरमध्ये डोकं खुपसून रडत होते आणि ते माझ्या पाठीवर थोपटत होते, बसमध्ये घंटीची दोरी दोनदा ओढायचे तसं, दोन-दोनदा.

२७ जानेवारी

सकाळी बाबांना सांगितलं की मी अजूनही देव मानत नाही. एका संध्याकाळीत असं काही बदलत नाही, आणि बदललंय म्हटलं तर तो खोटेपणा होईल.

त्यांनी टाइप केलं, ‘बरं.’ मग थोड्या वेळाने, ‘पुढच्या वर्षी मागणं तेच ठेवू ना?’

म्हटलं, ठेवा. पण तेव्हा मी सिनेमाला जाणार नाही.

वीस तारखेला इतकं टाइप करून खोडत काय होतात, तेही विचारलं. म्हणाले, म्हणजे टाइप केलं, की मालवणी मोबाईलवर बरोबर उमटत नाही, आणि ते मराठीत सांगितलं तर वेगळंच वाटतं. सबटायटलवालीला हे कळायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र दिवसभर डोक्यात आहे. आजोबांचं शेवटचं वाक्य झालं तेव्हा मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं का? मला आठवत नाही. म्हटलं नसणार. कुणाला म्हणणार मी? तरी खात्री करावी म्हणून संध्याकाळी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुझाच तर आवाज सगळ्यात मोठा होता. खालचं कुत्रं भुंकायला लागलं.’